उन्हाळ्यात पेटी सावलीतच बरी

उन्हाने तापावी म्हणून काच लावलेली काळी कंपोस्ट पेटी (ओला कचरा कुजवून खत करायची) बारा महिने उन्हात ठेवावी का, असं एकाने विचारलंय. आपल्या विदर्भात तरी नको. कुजवणारे जीवाणू ५५ ते ६५ अंशांत जोमात असतात, ७०च्या वर बहुतेक मरतात. मे महिन्यात बाहेर पारा ४५ला टेकला की काचेखाली त्याहून खूप जास्त तापतं, मग आतला माल कुजत नाही, नुसता वाळतो. तेव्हा पेटी कडुनिंबाखाली सरकवा, वर ओलं पोतं टाका. मूठभर माल दाबला तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. उन्हाचा खरा फायदा पौषाच्या थंडीत. ओल्या कचऱ्यात सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) नि थोडं शेण घालाच, नाहीतर वास सुटतो. आणि गांडुळं या पेटीत सोडू नका हो, एवढ्या उष्णतेत जगत नाहीत ती.