एमएच-47 आणि एमएच-15 : एकाच गाडीच्या विम्यात एवढा फरक का?

बोरिवली_47
पेट्रोल हॅचबॅक, 1197 सीसी, चौथं वर्ष चालू, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) 5 लाख. एमएच-47 पासिंगला ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम 6,566 रुपये दाखवतात. त्याच कंपनीच्या साइटवर फक्त नाशिकचं एमएच-15 टाकलं की 4,787. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा हप्ता) दोन्हीकडे 3,416. एनसीबी (क्लेम न घेतल्याची सूट) अजून धरलेला नाही. फरक कशाचा? पाणी तुंबणाऱ्या भागात राहणाऱ्याला जास्त पडतो का? नाशिकला नातेवाइकांचा पत्ता आहे, गाडी तिकडे दाखवली तर?

हप्त्याचं_गणित
थर्ड पार्टी बाजूला ठेवा. तो दर सरकार ठरवतं, 1000 ते 1500 सीसीला देशभर 3,416च. फरक सगळा ओन डॅमेजमध्ये.

जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे पूर्वी सगळ्या कंपन्यांना बांधून दिलेल्या दरपत्रकात, देशाचे दोन झोन आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद हा झोन ए, बाकी सगळा बी. झोन ठरतो तो गाडीची नोंदणी कुठल्या आरटीओची त्यावर. पाच वर्षांच्या आतल्या तुमच्या गाडीला ए मध्ये 3.283 टक्के, बी मध्ये 3.191. म्हणजे 5 लाखांवर 16,415 आणि 15,955. झोनमुळे पडला फरक फक्त 460 रुपये, तोही डिस्काउंटच्या आधी.

आता तुमचे आकडे बघा. 6,566 म्हणजे 16,415 वर 60 टक्के सूट, 4,787 म्हणजे 15,955 वर 70 टक्के. खरा खेळ इथे आहे. 2007 पासून ओन डॅमेजचे दर कंपन्यांना मोकळे झाले, त्यामुळे कुठल्या आरटीओच्या गाड्यांचे क्लेम किती येतात ते बघून सूट ठरते. मुंबईत बंपर-दरवाजाचे घासे, रस्त्यावरचं पार्किंग, गॅरेजची मजुरी आणि पावसाळा, सगळंच अंगावर येतं. पण हे गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारा. विचारताना आयडीव्ही सगळीकडे तीच ठेवा, नाहीतर आयडीव्ही उतरवून हप्ता स्वस्त दाखवतात.

गॅरेज_परळ
टॅरिफच्या झोनला पाणी तुंबणारं हिंदमाता आणि उंचावरचं मलबार हिल सारखेच. पण जोखीम सारखी नाही, म्हणून मुंबईकराने हजार रुपये वाचवण्यापेक्षा इंजिन प्रोटेक्ट (इंजिनसाठीचं जादा कव्हर) घेतलंय का ते आधी बघावं. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी एकत्र) पुराचं नुकसान येतं. भिजलेल्या सीट, वायरिंग मिळतं. इंजिन मात्र बहुतेक वेळा अडतं. पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्टर मारून चालू करायला गेलं की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणते, हे पुरामुळे नाही, नंतर चावी फिरवल्यामुळे झालं.

मिलन सबवेत गाडी बंद पडली तर चावी फिरवू नका. माणसं आधी बाहेर काढा, पाण्याच्या रेषेसकट फोटो घ्या, कंपनीला कळवा, टो करून न्या. गॅरेजमध्ये आधी एअर फिल्टर काढून बघायचा. ओला असेल तर पाणी आत गेलं असं धरायचं. मग डिपस्टिक. ऑइल दुधाळ दिसलं की नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत इंजिन उघडू द्यायचं नाही.

नियम_सांगतो
नातेवाइकांच्या पत्त्याचा विचार सोडून द्या. गाडी रोज बोरिवलीत आणि कागदावर नाशिक, हे मोठ्या क्लेमच्या चौकशीत उघडं पडतं आणि चुकीची माहिती दिली म्हणून क्लेमवरच वाद होतो. खरोखर राहायला गेलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 49 प्रमाणे 30 दिवसांत आरटीओला पत्ता कळवायचा, फॉर्म 33. पॉलिसीतही एंडोर्समेंट (बदलाची नोंद) करून घ्या.

बोरिवली_47
इंजिन प्रोटेक्ट रिन्यूअलला नव्याने मिळतं का?

हप्त्याचं_गणित
बऱ्याच ठिकाणी मिळतं, पण गाडीच्या वयाची अट असते, म्हणून पाचव्या वर्षाच्या आत घ्या. पॉलिसी एक दिवसही तुटू देऊ नका. तुटली तर गाडीची तपासणी लावतात आणि 90 दिवस उलटले तर एनसीबीही जातो.