मदत हवी आहे : कच्च्या रस्त्यावर ट्रेलरचा एक हब तापतो, हायवेला शेपूट हलतं

गंगाकाठ
नमस्कार मंडळी. एका अ‍ॅक्सलचा छोटा कॅम्पर ट्रेलर आहे. पाट्यांचं सस्पेन्शन, ओव्हररन ब्रेक (गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलला जाऊन आपोआप लागतो तो), हूकला ५० मिमीचा बॉल. भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर ९०० किलो भरतो. ओढायला डिझेल फोर बाय फोर, हूक चासीला बोल्ट केलेला. जाणं नाशिकहून घोटीमार्गे वैतरणा बॅकवॉटरकडे आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांकडे, म्हणजे जिथे रिसॉर्टही नाही आणि बिलही नाही.

अडचणी : साठच्या वर गेलं की शेपूट डावी-उजवी हलतं. खडीच्या रस्त्यावर पंधरा-वीस किमीनंतर डाव्या हबला (चाकाच्या मधला बेअरिंगचा भाग) हात लाववत नाही, उजवा मात्र कोमट. शिवाय कपाटांचे स्क्रू गळतात. गॅरेजवाला टायर बदला म्हणतोय. जाणकारांनी सांगावं.

पाटा_आणि_पिन
टायरचा खर्च थांबवा. आधी हूकवर किती वजन पडतंय ते मोजा. सपाट जागा, चाकांना दगड, ट्रेलर नेहमीसारखा भरलेला. घरातला वजनकाटा कपलरखाली (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) ठेवून वर लाकडी ठोकळा उभा करा. कपलर गाडीच्या बॉलच्याच उंचीला हवा, नाहीतर आकडा फसवतो. ९०० किलोला साधारण ९० किलो हवेत. मात्र तुमच्या हूकवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. आकडा चाळिसाच्या आसपास आला तर शेपूट का हलतं ते कळलंच.

चालत्या गाडीत हलायला लागलं तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. ब्रेकवर उभं राहू नका आणि उलट स्टिअरिंग मारून सावरायला तर अजिबात जाऊ नका.

सातपूरचा_फिटर
हबचं मी सांगतो. एकच बाजू तापते म्हणजे बहुतेक दोनच शक्यता : बेअरिंगचा त्रास आहे (जास्त आवळलंय किंवा खराब झालंय) किंवा ब्रेक घासतोय. डावं चाक जॅकवर घ्या (अ‍ॅक्सलच्या नळीच्या मध्यावर जॅक लावू नका, नळी वाकते, पाट्याच्या पॅडखाली लावा). हँडब्रेक सोडून चाक हाताने फिरवा. शू घासल्याचा आवाज येऊन चाक लगेच थांबलं तर आधी ब्रेकची केबल बघा. चिखल-धूळ जाऊन ती आवरणात अडकते आणि परत सुटत नाही. कपलरचा दांडा आत ढकलून सोडा, तो आपोआप बाहेर यायला हवा.

चाक मोकळं फिरतंय तर टोपी काढा. ग्रीस दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय. तापलेला हब ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि घासलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून ओढ्याआधी पंधरा-वीस मिनिटं थांबा. आता बेअरिंग काढून रॉकेलने धुवा. रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे असतील तर बाहेरच्या कपसकट बदला, नुसता रोलर नको. सील प्रत्येक वेळी नवीन. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा नंबर, डब्यावर असतो), तळव्यावर घेऊन रोलरच्या फटींत दाबून भरायचं. हब ठासून भरू नका, त्यानेही तापतो. कोन बेअरिंग (निमुळत्या रोलरचं) असेल तर चाक फिरवत नट आवळा, मग पाव फेरा सैल करा, नवीन स्प्लिट पिन घाला. चाक वर-खाली हलवून किंचितच खेळ जाणवला पाहिजे.

गंगाकाठ
केबलच अडकली होती, ग्रीसही दुधाळ निघालं. दोन्ही कामं केली, आभार. हूकवर ३८ किलो भरले. अ‍ॅक्सलपासून कपलर ३०० सेंमी. पाण्याचे ६० लिटर अ‍ॅक्सलच्या मागे ९० सेंमीवर, स्टेपनी २० किलो, मागच्या दारावर १५० सेंमीवर. २० किलोची शिध्याची पेटी मागे १०० सेंमीवर.

पाटा_आणि_पिन
मग हिशोब तोंडी होतो. वजन गुणिले अ‍ॅक्सलपासूनचं अंतर, भागिले ३००. पाणी अ‍ॅक्सलच्या बरोबर वर आणलंत तर हूकवर १८ किलो वाढतील. स्टेपनी दारावरून काढून पुढच्या दांड्यावर २०० सेंमीवर बांधा, २३ वाढतील. पेटी पुढे १०० सेंमीवर आणली की १३. एकूण ९२. पाणी मात्र एका टाकीत अर्धवट नको, हेलकावतं. वीस-वीस लिटरचे कॅन करून एकेक संपवत जा.

मुरूम
स्क्रूचं : लाकडात घुसलेले स्क्रू खडीवर टिकतच नाहीत. आरपार बोल्ट, मोठा वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने सुटत नाही). पाट्यांचे यू-बोल्ट खडीच्या पहिल्या १०० किमीनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळा.

टायर बदलण्यापेक्षा कच्च्या रस्त्यावर हवा पंचवीस टक्के कमी करा आणि वेग २५ च्या आत ठेवा. डांबरावर परत यायच्या आधी कॉम्प्रेसरने भरा. तेवढ्या कमी हवेवर हायवेला पळवलं तर टायरची कड तापून फुटते.

गंगाकाठ
मागचा भाग नाल्यात घासतो. अ‍ॅक्सल पाट्यांच्या खाली घेतला तर?

सातपूरचा_फिटर
दहा-बारा सेंमी उंची मिळते. पण अ‍ॅक्सल उलटा करून बसवू नका. त्याला मुळात थोडा कॅम्बर (बाक, म्हणजे चाकांचा कल) दिलेला असतो, तो उलटतो आणि टायर एका कडेने झिजतात. वरच्या बाजूला नवीन पॅड वेल्ड करून घ्या. हूकही तेवढाच उंच करायला लागेल, नाहीतर नाक खाली आणि सगळा भार पुढे. वरून ट्रेलर कलंडायचा धोका वाढतो हेही आलंच. माझ्या मते आधी मागच्या चेसीखाली दोन रोलर लावून बघा, स्वस्तात काम होतं.

मुरूम
आणि नाल्यात उतरायच्या आधी पायी पुढे जाऊन वळायला जागा आहे का ते बघा. अरुंद बांधावरून ट्रेलर रिव्हर्स काढणं महाकर्मकठीण, त्यात जुना ओव्हररन ब्रेक असेल तर चढावर रिव्हर्स घेताना स्वतःच लागतो. कपलरचा दांडा आत जाऊ न देणारी त्याची लॉकिंग पट्टी आधी अडकवा.

मुक्काम मुरमाच्या माळावर. काळ्या मातीवर एक सर आली की दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याचे पाय धरावे लागतात. धरणाकाठी वाळलेल्या काड्या-कचऱ्याची रेघ दिसते, तिथवर पाणी येतं. त्याच्या बऱ्याच वर थांबा. वनहद्दीत परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही, भंडारदऱ्याकडे तर अभयारण्यच लागतं. गावाच्या माळावर थांबायचं तर अंधार पडायच्या आत पोलीस पाटलांना सांगून ठेवा.