जुना कॅमेरा घेताना काय बघितलंत, कुठे फसलात?

पुतणीला मॅन्युअलवर (सगळी सेटिंग्ज स्वतः ठरवून) हात बसवायचाय, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही. बजेट बेताचं, त्यामुळे वापरलेलाच घेणार. अनुभव सांगा.

रत्नागिरी
मी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) पारखली आणि लेन्सकडे बघितलंच नाही. घरी येऊन मागून टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! आमच्या पावसाळ्यात ती वाढायला कितीसा वेळ? आता लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. तांदळात ठेवू नका, भुकटी शिरते.

पुणे
माझा निकॉन डी९०. २००८ सालचा, व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा). बॉडीतच फोकसची मोटर आहे, त्यामुळे स्वस्तातली जुनी ५० एमएम 'डी' लेन्स (तिला स्वतःची मोटर नसते) आपोआप फोकस होते. मैत्रिणीच्या निकॉन डी३१००च्या बॉडीत मोटर नाही, त्यावर तीच लेन्स हाताने फिरवावी लागते. (शिकायला बरंच आहे म्हणा, पण विकणाऱ्याने आधी सांगायला नको?) फोटो आजही झकास. व्हिडिओसाठी मात्र घेऊ नका: ७२०पी (फुल एचडीपेक्षा कमी बारकावे), एका क्लिपला जास्तीत जास्त पाच मिनिटं, आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ) कॅमेराच ठरवणार.

नाशिक
म्हणूनच मी कॅनन ५५०डी घेतला. फुल एचडी, बाहेरचा माइक लागतो, आणि व्हिडिओतही शटर (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) तिन्ही आपल्या हातात. पहिल्याच दिवशी ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसले. कॅमेरा खराब निघाला म्हणून रडकुंडीला आले होते. मी शटर १/६० सेकंद ठेवलं होतं, ते दिव्याच्या लुकलुकण्याशी जुळत नव्हतं. आपली वीज ५० हर्ट्झची. १/५० केल्यावर पट्टे गायब, सेकंदाला २५ फ्रेमना तेच शोभतंही. मग त्याच शटरवर अंगणात उन्हात गेले तर सगळं पांढरंफटक. अ‍ॅपर्चर बंद करत गेले की मागचं धूसरपण जातं. शेवटी एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची, प्रकाश कमी करणारी काळसर काच) घेतला. एवढ्या धडपडीत जे कळलं ते वाचून कळलं नसतं.

मुंबई
बोरा बाजारात (इथे कॅमेऱ्यांची दुकानं आहेत) जाताना स्वतःचं कार्ड न्या. एफ/१६ला (अ‍ॅपर्चर बरंच बंद करून) पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा) निकॉनच्या फोटोतल्या माहितीत सापडतो, कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत नाही. 'फक्त लग्नात वापरलाय' म्हणाले तर उलट जास्त घाबरा, लग्नात ढिगाने फोटो काढतात.

कोल्हापूर
बॅटरी फुगलेय का बघा. बस्स.

धागाकर्ता
रविवारी एक ५५०डी बघायला जातोय. कार्ड आणि टॉर्च पिशवीत टाकलेत. पुतणी म्हणते, किमतीची घासाघीस मी करणार.