प्रति: सरत्या वर्षातलं आवडतं
सरत्या वर्षात काय आवडलं, याच्या उत्तरात इथे आलेल्या वेब मालिकांच्या याद्या वाचल्या, त्यातल्या बऱ्याच मलाही आवडल्या. पण ‘ठाणे-नवी मुंबईत मॉल सोडले तर विरंगुळा काय?’ हे त्यातच कुणीतरी लिहिलेलं वाक्य अजिबात पटलं नाही. वाशीच्या भावे नाट्यगृहात आईबरोबर पाहिलेली नाटकं माझ्या यादीत आहेतच, पण सगळ्यात वर आहे ती ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून केलेली खाडीतली बोटफेरी. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, आणि आपल्यातले कितीतरी जण रोज ऐरोली पुलावरून ती ओलांडतात!

जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे रोज बदलते. आधी विचारूनच निघा. ऐन ओहोटीला बोट चालवण्याइतकं पाणी नसतं, आणि भरती पूर्ण चढली की चिखल बुडतो, मग पक्षी दुसरीकडे उडतात. मधल्या वेळात मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळणारे फ्लेमिंगोंचे थवे दिसतात. त्यातले करडे दिसतात ते लहान वयाचे. गुलाबी रंग खाण्यातल्या शेवाळातून हळूहळू चढतो. माझी मुलगी त्या करड्यांनाच शोधत बसली होती. हिवाळा ते मे, कधीही जा.