किड्याच्या रक्तातलं प्रोटीन फक्त फॅट बॉडीच (किड्याच्या शरीरातला चरबी साठवणारा अवयव) बनवते, हे शिकवणं बंद करायला नको काय?

खानापूरचा_बायोवाला: पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पोरांना विचारलं की एका सुरात ‘फॅट बॉडी’ म्हणतात, गाइडमधेपण तेवढंच. मला हे अजिबात पटत नाही. कातडीखालचा पेशींचा थर, आतडं, हृदयाजवळच्या पेशी, रक्तातल्या पेशी, सगळ्या थोडंफार प्रोटीन बनवून रक्तात सोडतात.

निपाणीकर: सर, उसातली हुमणी चिरून बघितलीय काय कधी? आत लोण्यासारखं पांढरंशुभ्र भरलेलं असतंय ते बहुतेक फॅट बॉडीच की. अंड्यासाठीचं व्हायटेलोजेनिन, चरबी वाहणारं लिपोफोरिन, कोषात जायच्या आधी साठवायची हेक्झामेरिनं, मोठा माल सगळा तिथलाच. आधी पोरांना मुख्य ते कळू दे, बाकीचं मागनं.

खानापूरचा_बायोवाला: माल जास्त कुणाचा यावर वादच नाही हो. पण ‘फक्त’ हा शब्द चुकीचाच. पल्ली आणि लॉक या संशोधकांनी 1987 मधे कर्दळीची पानं गुंडाळून खाणाऱ्या कॅल्पोडिसच्या अळीवर दाखवलंय, कातडीचा थर आणि आतडं दोन्ही रक्तातली प्रोटीनं बनवतात. कातडीची पेशी बाहेरच्या बाजूला क्युटिकलचा, म्हणजे अंगावरच्या कवचाचा, माल टाकते आणि आतल्या बाजूनं रक्तात सोडते, एकाच पेशीला दोन दारं, हे पोरांना सांगायचं नाही म्हणजे काय!

निपाणीकर: पण एखाद्या जागी प्रोटीन सापडलं म्हणजे तिथंच बनलं असं होत नाही ना. हेक्झामेरिनं फॅट बॉडी रक्तात सोडते आणि कोषाच्या वेळी स्वतःच परत ओढून घेते. शिवाय कातडीला आतून फॅट बॉडीचे तुकडे चिकटलेले असतात, कितीही धुवा थोडं राहतंच.

खानापूरचा_बायोवाला: म्हणून तर तुकडा वेगळा काढून किरणोत्सारी अमिनो आम्लात ठेवतात. नव्यानं जे बनतं त्यातच ती खूण येते, ओढून घेतलेल्या जुन्या मालात येत नाही. चिकटलेल्या तुकड्यांचा मुद्दा मात्र खरा आहे, तिथं जपूनच काम करायला लागतं.

चिकोडी_रेशीम: मधे बोलतो. आमच्या शेडमधे अळीला जखम झाली की पिवळसर रक्त बघता बघता काळं पडतं. ते फिनॉलऑक्सिडेज या एन्झाइमचं काम, आणि रेशीमकिड्यात त्याचं मूळ प्रोटीन रक्तातल्या ईनोसायटॉइड पेशी बनवतात. तिथं चिकटलेल्या तुकड्यांचा प्रश्नच येत नाही, त्या पेशी रक्तातच तरंगत असतात की.

निपाणीकर: हे मान्य. तरी परीक्षेत ‘मुख्यतः कुठं’ असं विचारा आणि फॅट बॉडीलाच पूर्ण मार्क द्या, यावरनं मी हलणार नाही.

खानापूरचा_बायोवाला: ‘मुख्यतः’ छापा, माझी हरकत नाही. आत्ता पेपरात तो शब्दच नाही, तिथंच माझं भांडण आहे.