तिसऱ्या मजल्यावरील भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार फुटी फिश टँक ठेवावा का?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार. आम्ही तिसऱ्या मजल्यावरील दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. करार नेहमीप्रमाणे अकरा महिन्यांचा आहे. दीड वर्षापूर्वी मुलीच्या हट्टापायी दोन ऑस्कर मासे आणले, तेव्हा ते बोटाएवढे होते आणि दुकानदाराने ते किती वाढतील याविषयी अवाक्षर काढले नाही. आता ते वीतभर झाले असून अडीच फुटांच्या टाकीत त्यांना धड वळताही येत नाही. त्यामुळे चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी हॉलमध्ये ठेवण्याचा विचार आहे. घरमालकांनी तोंडी होकार दिला आहे, परंतु फरशीला वा स्लॅबला काही झाल्यास जबाबदारी आमची, असेही ते म्हणाले. स्लॅबला हे वजन पेलेल का, आणि मे महिन्यातील उष्म्यात एसीशिवाय मासे टिकतील का, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (स्थापत्य अभियंता, धंतोली)

आधी वजनाचा हिशेब करू. आपण सांगितलेल्या मापाची टाकी काठापासून दोन इंच खाली भरली तरी तिच्यात सुमारे ४१५ लिटर, म्हणजे तेवढेच किलो पाणी मावेल. १२ मिलिमीटर काचेचे सुमारे ९० किलो, शिवाय वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड धरल्यास एकूण भार ६०० किलोच्या आसपास जातो. निवासी खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार (माणसे आणि सामान यांचे वजन) गृहीत धरतात. आपली टाकी पाऊण चौरस मीटरहूनही कमी जागेत उभी राहणार असल्याने तिच्याखालील भार त्याच्या चौपट होतो. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण तो भार आजूबाजूला वाटला जातो. मात्र पाहुणे येतात आणि जातात, तर टाकी वर्षानुवर्षे एकाच जागी असते, हे विसरू नये.

म्हणून ती खोलीच्या मध्यभागी किंवा बाहेर काढलेल्या बाल्कनीत मुळीच ठेवू नये. जिच्याखालून बीम जातो अशा भिंतीला टाकीची लांब बाजू लावावी आणि शक्यतो कॉलमजवळचा कोपरा निवडावा. बीम कुठे आहे हे पाहण्यासाठी खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे चहाला जावे आणि छताकडे नजर टाकावी. स्टँड अँगलचा असेल तर त्याचे चार पाय टाइल्सवर टेकू न देता खाली जाड प्लायवूडचा अखंड तुकडा घालावा. इमारत जुनी असेल, छताला गळती असेल किंवा सळ्या उघड्या पडल्या असतील, तर प्रत्यक्ष पाहणी केल्याविना कोणीही होकार देऊ नये; मीही देणार नाही.

उत्तर (नऊ वर्षांत तीन घरे बदललेला भाडेकरू, प्रतापनगर)

वरील सल्ल्यात मला माझ्या फजितीची भर घालावीशी वाटते. पहिले घर सोडताना वाळू आणि तळाशी चार बोटे पाणी तसेच ठेवून आम्ही चौघांनी टाकी जिन्यावरून उतरवली. नव्या घरी भरल्यावर संध्याकाळपर्यंत सारे ठीक होते. पहाटे मात्र खालच्या काकूंनी दार ठोठावले, कारण त्यांच्या ओट्यावरील पिठाच्या डब्यावर पाणी ठिबकत होते. वाळूच्या ओझ्याने तळकाच किंचित लवली होती आणि सिलिकॉनचा सांधा उकलला होता. रंगकामाचा खर्च अनामत रकमेतून कापला गेला. तेव्हापासून मी टाकी पूर्ण रिकामी करूनच हलवतो, तिच्याखाली थर्माकोल घालतो आणि प्रत्येक वेळी मासे सोडण्यापूर्वी दोन दिवस नुसत्या पाण्याने भरून पाहतो. फिल्टरचा स्पंज मात्र टाकीच्याच पाण्यात ओला ठेवून न्यावा. तो नळाखाली धुतल्यास अमोनियाचे विघटन करणारे जिवाणू मरतात आणि नवे तयार होण्यास महिनाभर लागू शकतो.

उन्हाळ्याबद्दल सांगायचे तर पारा ४५ अंशांवर गेला तरी मासे टिकतात, परंतु आपल्याला दुपारचे वेळापत्रक बदलावे लागते. पाणी जितके तापेल तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, म्हणून एअर पंप दिवसरात्र चालू असावा आणि वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा पंप हाताशी असावा. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडल्यास बाष्पीभवनामुळे पाणी दोनतीन अंशांनी उतरते. मात्र खिडक्या बंद करून त्याच खोलीत कूलर चालवल्यास हवा दमट होऊन हा उपाय निम्मा वाया जातो. सर्वांत मोठी चूक म्हणजे दुपारी पाणी बदलणे. मे महिन्यात गच्चीवरील काळ्या टाकीतून येणाऱ्या पाण्याने हात भाजतो, मग माशांचे काय होईल? पाणी पहाटे बादल्यांत भरून, क्लोरीन निघून जावा म्हणून हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालून सावलीत ठेवावे आणि एका वेळी चौथ्या हिश्श्याहून अधिक बदलू नये.

तोंडी होकारावर मात्र विसंबू नका. टाकीचे माप आणि तिची जागा करारात एका ओळीत लिहून घ्या.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. काल खालच्या घरी जाऊन छत पाहिले. बीम हॉलच्या नव्हे, तर बेडरूमच्या भिंतीखालून जातो, त्यामुळे कपाट हलवून टाकी तिथे ठेवण्याचे ठरवले आहे. पंपाच्या आवाजात झोप लागेल की नाही, एवढाच प्रश्न आता उरला आहे.