गणपतीच्या देखाव्यातला सीबीसी कपलर जुळतो, पण लॉक पडत नाही – मदत हवी आहे

दांडियाबाजार_७

नमस्कार मंडळी. बडोद्यात आमच्या मंडळाच्या देखाव्यात यंदा मालगाडीच्या दोन वाघिणी समोरासमोर येऊन आपोआप जोडल्या जातात, असं चालतं मॉडेल आहे. चतुर्थीला अठरा दिवस उरलेत आणि सीबीसी, म्हणजे डबे आपोआप जोडणारा सेंटर बफर कपलर, रुसलाय.

माप निम्मं धरलंय. खऱ्या नकलची (कपलरच्या तोंडातला, पिनवर फिरून मिटणारा आकडा) उंची साधारण २८० मिमी, म्हणून १८ मिमी मरीन प्लायचे आठ थर फेविकॉलने चिकटवून हेड आणि नकल कापलेत. (१८ ची प्लाय मोजली तर १७ च्या आसपासच भरते, त्यामुळे उंची बरोबर आली.) नकलच्या पिनच्या जागी १० मिमीचा बोल्ट, लॉक (मिटलेला नकल अडकवून ठेवणारा तुकडा) म्हणजे सागवानी ठोकळा, आणि अनकपलिंग रॉडऐवजी (लॉक उचलून गाडी सोडवणारा दांडा) मांडवामागून ओढायची नायलॉनची दोरी. ड्राफ्ट गिअर, म्हणजे धक्का झेलणारा भाग, म्हणून मागे दोन स्प्रिंगा, साधारण १५ मिमी दबतात. वाघीण प्रत्येकी ४० किलोची, अँगलच्या रुळांवर विंचने हळू सरकते.

तक्रारी तीन. जोडताना नकल मिटतो, पण लॉक खाली पडत नाही. वरून हातोडीचा दांडा टेकवला की पडतं. दुसरं, पडलेलं लॉक पंधरावीस फेऱ्यांनंतर आपोआप वर चढतं आणि गाडी सुटते. तिसरं, बोल्ट सरळ आहे, पण नकलमधलं भोक १० चं १३ झालंय.

दोन्ही हेडांच्या उंचीत २० मिमी फरक आहे, त्यामुळे असं होतंय का? लॉकवर स्प्रिंग बसवावी का?

यार्डकाका

उंचीचं डोक्यातून काढा. आपल्याकडे कपलरची उंची रुळाच्या माथ्यापासून मोजतात, रिकाम्या गाडीची जास्तीत जास्त ११०५ आणि भरलेल्या गाडीची कमीत कमी १०३० मिमी. म्हणजे रिकामी आणि भरलेली शेजारी आली तर ७५ मिमीचा फरक खऱ्या गाडीतही चालतो. तुमच्या मापात ते ३७ होतात. २० मध्ये काही बिघडत नाही.

स्प्रिंग बसवू नका, त्यावर नंतर बोलू. आधी एक तपासणी करा. दोन्ही हेडं लांब ठेवा आणि एका हेडचा नकल हाताने पूर्ण मिटवा. दहा वेळा. किती वेळा लॉक पडतं? मग तेच दुसऱ्या हेडवर आदळवून दहा वेळा. दोन्ही आकडे लिहा. आणि नकल मिटलेला, लॉक पडलेलं असताना नकलच्या नाकापासून गार्ड आर्मपर्यंतचं (समोरचा न हलणारा हात) आडवं अंतर मोजा. दोन्ही हेडांचं.

दांडियाबाजार_७

हाताने १० पैकी १०. जोडताना १० पैकी ३. अंतर एका हेडला ५८, दुसऱ्याला ५९.

यार्डकाका

सापडलं. खऱ्या कपलरला हे अंतर कारखान्यातून निघताना १३० च्या आत असतं आणि यार्डात तपासताना १३५ च्या वर गेलं की तो बाद. तुमच्या मापात ६५ ते ६७ हवं. तुमचं ५८, म्हणजे खऱ्यातलं ११६. इतक्या अरुंद जागेत समोरचा नकल पूर्ण आत बसूच शकत नाही. तो आत येतो, तुमचा नकल फिरवतो, आणि शेवटची दोन-तीन अंश बाकी असतानाच अडतो. तेवढ्याने नकलची शेपटी लॉकच्या खालून पूर्ण सरकत नाही आणि लॉक तिच्या कोपऱ्यावर बसून राहतं. हाताने मिटवता तेव्हा तुम्ही ती शेवटची दोन अंशं जोर लावून पार करता, म्हणून तिथे दहापैकी दहा.

आता लगेच नकलचं नाक तासायला बसू नका. लॉकची जाडी किती आहे?

दांडियाबाजार_७

३९ मिमी. घट्ट बसावं म्हणून मुद्दाम जाड ठेवलं.

छिन्नीपटाशी

हेच ते. लॉक म्हणजे शेपटी आणि हेडची आतली भिंत यांच्यामध्ये उतरणारी पाचर. पाचर जितकी जाड, तितकी शेपटी जास्त फिरल्याशिवाय तिला जागा मिळत नाही. म्हणजे नकल गरजेपेक्षा जास्त मिटतो आणि पुढचं तोंड आकसतं. तुम्ही घट्टपणासाठी जाड केलं आणि घट्टपणानेच घात केला.

ठोकळा रंधून पातळ करा, पण एका दमात नाही. पिनपासून नाकाचं अंतर हे पिनपासून लॉक टेकतं त्या जागेपेक्षा जास्त असतं, त्यामुळे लॉकचा १ मिमी नाकावर दीड-दोन मिमी होऊन दिसतो. २ मिमी काढा, मोजा. मग अर्धा-अर्धा. ३५ च्या आसपास तुम्ही ६५ ला पोचाल असा अंदाज. शेपटीकडची बाजूच रंधा, भिंतीकडची तशीच ठेवा, नाहीतर ठोकळा तिरका होईल.

खरं यार्ड नेमकं उलट्या बाजूने झिजतं, हेही लक्षात असू द्या. तिथे लॉक आणि शेपटी झिजत जातात, तोंड १३५ च्या पुढे उघडतं आणि मग नकल एकमेकांतून निसटतात. त्यावर इलाज नकल किंवा लॉक बदलणं हाच.

छिन्नीपटाशी

अजून एक. रंधल्यावर लॉकच्या चारी बाजूंना खडू घासा, पाचसहा वेळा पाडा आणि खडू कुठे पुसला गेला ते बघा. तिथेच अडकतंय. हा पावसाळा आहे. फेविकॉलचे थर आणि उघड्या कडा ओल धरतात, आज मोकळं पडणारं लॉक विसर्जनाच्या आधी फुगून बसेल. म्हणून बाजूने दीड-दोन मिमी मोकळीक ठेवा आणि आतल्या सगळ्या कडांना सँडिंग सीलरचे दोन हात द्या. तेल-ग्रीस अजिबात नको, त्याला भुसा चिकटून चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळा. खऱ्या कपलरमध्येही वंगण म्हणून सुकं ग्रॅफाइटच बरं समजतात.

लोको_शेडजवळ

भोक १३ झालं याचा अर्थ सगळी ओढ बोल्टवर येतेय. खऱ्या सीबीसीत पिन ही ओढ घेण्यासाठी नसतेच, ती फक्त नकल फिरवायला. ओढ येते ती नकलच्या शेपटीवर वर आणि खाली असलेल्या पुलिंग लगांवर, म्हणजे ओढ घेणाऱ्या दातांवर. लॉक पडलं की ते लग हेडच्या आतल्या लगांमागे अडकतात आणि लोखंडाला लोखंड टेकतं. म्हणूनच पिन तुटली तरी लॉक असलेला नकल जागेवर राहतो, आणि म्हणूनच तुटलेली पिन तपासणीत डोळ्याने शोधावी लागते, गाडी काही कळू देत नाही.

तुमच्या आठ थरांतला वरचा एक आणि खालचा एक थर असा कापा की शेपटीला आकड्यासारखा दात राहील, आणि हेडमध्ये त्याच्यासमोर तसाच दात. दोन्ही दातांच्या टेकणाऱ्या तोंडाला ५ मिमीची लोखंडी पट्टी दोन स्क्रूने बसवा, उघडी प्लाय तिथे चुरते. मग नकलमधलं भोक मुद्दाम मोठं करा. १३ झालंच आहे, त्यात १० चाच बोल्ट राहू द्या. ही ढील चूक नाही, हवीच आहे. परीक्षा सोपी: लॉक पाडा, बोल्ट काढून घ्या, नकल ओढा. हातात आला तर दात चुकले.

दांडियाबाजार_७

अरे वा. म्हणजे आम्ही बोल्ट १६ चा करायला निघालो होतो ते उलटंच.

लोको_शेडजवळ

१६ चा केला असता तर भोक १९ चं झालं असतं.

रेल_पाहुणा

मध्येच विचारतो. एवढ्या कटकटीपेक्षा रशियन एसए-३ का नाही करत? त्यात फिरणारा नकल नाही, जबडा एकसंध, लॉक बाजूने आत ढकललं जातं आणि परत बाहेर येतं. १९३५ च्या सुमारापासून तिकडे तोच चालतो. लाकडात दोन दिवसांत होईल.

यार्डकाका

होईल, पण मांडवात आलेला पोरगा उद्या बडोदा स्टेशनवर जाऊन तसा कपलर शोधेल तर सापडायचा नाही. मालगाडीला नकलवाला सीबीसी, प्रवासी गाड्यांच्या एलएचबी डब्यांना त्याचाच घट्ट भाऊ टाइटलॉक. प्रतापनगरला ठेवलेले नॅरोगेजचे डबे बघूनही फसू नका, त्यांना मध्ये एकच बफर आणि आकडा असतो, नकल नाही. चालतंय तेच दुरुस्त करू.

रेल_पाहुणा

ठीक. मग हेही सांगा, इंजिनाच्या नकलला मधोमध आडवी खाच आणि उभं भोक असतं ते कशासाठी? मॉडेलला द्यायचं का?

यार्डकाका

ती जुन्या-नव्याची सोयरीक. इंजिनाला सीबीसी आणि डब्याला स्क्रू कपलिंग (हाताने आटे फिरवून आवळायचा जोड) असेल तर त्या खाचेत कडी घालून पिन टाकतात आणि स्क्रू कपलिंग तिथे लटकवतात. युक्ती जुनीच आहे. ईलाय जेनीने अमेरिकेत १८७३ साली नकलचं पेटंट घेतलं, पण तिकडच्या हजारो वाघिणी तेव्हा कडी-पिनवर होत्या, म्हणून सुरुवातीच्या नकलांनाही खाच ठेवत. स्वयंचलित कपलर सक्तीचा करणारा कायदा तिथे १८९३ साली झाला, तोही मुख्यतः दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून पिन टाकणाऱ्यांचे हात आणि जीव जायचे म्हणून. दोन वाघिणी दाखवताय तर खाच नको, नकल उगाच कमजोर होतो.

आता ती दुसरी तक्रार, लॉक चढण्याची. खऱ्या कपलरच्या लॉकला स्प्रिंग नसते, ते स्वतःच्या वजनाने पडतं. गाडी हादरते तेव्हा ते वर सरकू पाहतं, त्यावर बंदोबस्त असा की लॉक उचलणारा तुकडा अखंड नसून सांध्याचा असतो. लॉक नुसतं हादऱ्याने वर गेलं तर त्या तुकड्याचं टोक हेडच्या आतल्या कंगोऱ्याखाली अडकतं. रॉडने उचललं तर टोक आधी कंगोऱ्याबाहेर वळतं आणि मगच लॉक वर येतं. यालाच अँटी-क्रीप म्हणतात. मॉडेलमध्ये लॉकच्या खाली ६ मिमीच्या पट्टीचा एक लोलक लावा, लॉकला जोडणारं त्याचं भोक गोल न ठेवता ८ मिमी लांबट ठेवा, आणि हेडच्या तळाला आतून एक पट्टी काढा जिच्याखाली त्याचं टोक येईल. दोरी लोलकाला बांधा, लॉकला नाही.

आणि सागवान हलकं पडतं. लॉकमध्ये वरून भोकं पाडून लोखंडी रॉडचे तुकडे ठोका, किमान अर्धा किलो वजन वाढू द्या.

स्प्रिंग नको म्हणालो त्याचं कारण: लॉक थोडं उचलून ते टेकून राहतं, आणि मग गाड्या ओढल्या की नकल आपोआप उघडतो, ही (पूर्ण पडलेलं आणि पूर्ण उचललेलं याशिवायची) तिसरी स्थिती स्प्रिंग लावली की जाते. सुटतानाचा तोच क्षण तर प्रेक्षकांना बघायचा आहे.

छिन्नीपटाशी

दोरी लोलकाला बांधायची ते बरोबर, पण सध्या ती किती ताणलेली आहे? स्प्रिंगा १५ मिमी दबतात म्हणालात. हेड १५ मिमी मागे-पुढे जातं आणि दोरीचं दुसरं टोक मात्र मांडवाच्या खांबाला. मग दोरीच लॉक उचलतेय.

दांडियाबाजार_७

दोरी ताठ होती. पूर्ण ताठ. आत्ता सैल केली, तीस फेऱ्या झाल्या, लॉक चढलं नाही.

यार्डकाका

छिन्नी, मी एवढा लांबचलांब अँटी-क्रीप लिहिला आणि तुम्ही एका ओळीत सोडवलंत. खऱ्या गाडीतही हेच. ड्राफ्ट गिअर ८० मिमीच्या आसपास दबतो आणि वळणावर हेड बाजूलाही फिरतं. अनकपलिंग रॉड वाकलेला किंवा आखूड असेल तर तो लॉक ओढून गाडी तोडतो. तरी लोलक कराच. विंचचे हादरे दहा दिवस बसणार आहेत.

दोरीला स्प्रिंगांच्या हालचालीच्या दुप्पट, म्हणजे ३० मिमी ढील द्या, आणि तिचं टोक खांबाला नाही, वाघिणीच्याच चौकटीवर कप्पी लावून तिथून घ्या.

लोको_शेडजवळ

एक राहिलं. लॉक पूर्ण पडलं की नाही हे वरून दिसत नाही. हेडच्या तळाला भोक ठेवा आणि लॉकच्या पायाला शेवटचे १५ मिमी पांढरा रंग द्या. पांढरं पूर्ण दिसलं तरच विंच मागे घ्या. यार्डातही कपलर जुळल्याचा आवाज आला म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही. डोळ्याने बघतात, मग एकदा ओढून बघतात.

दोन्ही नकल मिटलेले असतील तर ते नुसते आदळतात, जुळत नाहीत. एक तरी उघडा हवा. दोन्ही उघडे असणं उत्तम. ही चूक खेळ चालू असताना हमखास होणार, म्हणून ज्याच्या हातात दोरी त्याला हे आधी सांगून ठेवा. नकल उघडताना कुणी हात घालू नये, मुलांच्या बाजूला एक मीटरवर ॲक्रिलिकचा पडदा हवाच.

दांडियाबाजार_७

चार दिवसांनी कळवतोय. लॉक ३९ चं ३५.५ केलं, एका हेडला गाळा ६५, दुसऱ्याला ६५.५. जोडणी ३० पैकी ३०. बोल्ट काढून दोघांनी ओढलं, नकल जागेवर. लोलक एका हेडला झाला, दुसऱ्याचा उद्या. खडूने एक जागा दाखवली, मागच्या भिंतीवर फेविकॉलचा सुकलेला थेंब, पटाशीने काढला.

आता एवढंच, वाघिणींमधला हवेचा पाइप दाखवायचा का? तोही आपोआप जुळतो का?

यार्डकाका

आपल्या सीबीसीत नाही. नकल आपोआप, होज हातानेच. हवेचे आणि विजेचे जोडही आपोआप जुळतात ते शार्फेनबर्गसारख्या कपलरांत. दोन पाइप दाखवणार असाल तर ब्रेक पाइप हिरवा, फीड पाइप पांढरा, खऱ्यात पाच आणि सहा किलोचा दाब. होज हेडच्या खाली लोंबू द्या, पण दोरी आणि लोलकापासून दूर, नाहीतर लॉक चढण्याची दुसरी तक्रार पुन्हा येईल.

दांडियाबाजार_७

बागेचा रबरी पाइप आहे, हिरवाच. पांढरा रंगवतो.

छिन्नीपटाशी

रबरावर ऑइल पेंट सुकत नाही, चिकटत राहतो. पांढरी इन्सुलेशन टेप गुंडाळा.